मदत हवी आहे: 2011 च्या जनगणनेतली वाडीची लोकसंख्या

वहाळापलीकडचा:
जनगणनेच्या संकेतस्थळावरची एक्सेल उघडून बघितली, त्यात आमच्या वाडीचं नावच नाही. गावाचा आकडा नकोय, वाडीचाच हवाय. शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. 'गूगल करा' हे कृपया सांगू नका, करून झालंय.

चष्मिष्ट:
गाव कुठलं? जिल्हा? आकडा द्यायचा कुणाला?

ग्रामसखी:
जन्मदाखला हवा असेल तर तो ग्रामपंचायतीतच मिळतो. आधी तालुक्याला हेलपाटे घालू नका.

वहाळापलीकडचा:
जन्मदाखला कुणी मागितला? सिंधुदुर्ग. तालुका लिहीत नाही, लगेच ओळखतील.

निवृत्त प्रगणक:
2011 ला मी घरोघर फिरलोय. ग्रामीण भागाचे आकडे महसुली गावाप्रमाणे छापतात. वाडी कितीही मोठी असली तरी तिचा वेगळा आकडा छापत नाहीत, तेव्हा शोधणं थांबवा. आम्हाला साधारण 600-650 माणसांचा एक गट दिलेला असे. त्यात दोन वाड्या आणि तिसरीची चार घरं, असं कसंही यायचं.

अर्जदार नं. 1:
माहिती अधिकारात अर्ज टाका. माझी सगळी कामं त्यानेच झाली.

निवृत्त प्रगणक:
इथे नाही होणार. जनगणना कायदा 1948, कलम 15. भरलेले तक्ते बघायला मिळत नाहीत.

अर्जदार नं. 1:
टाकून बघायला काय जातं?

चष्मिष्ट:
त्यांचा शुक्रवार जातो.

घाटावरची पोर:
नवी जनगणना येतेच आहे, 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक. तोवर थांबलात तर ताजा आकडा मिळेल.

निवृत्त प्रगणक:
तीही गावाप्रमाणेच छापतील हो.

वहाळापलीकडचा:
थांबा कसले? पावसात वहाळाला पाणी आलं की पोरं पलीकडच्या अंगणवाडीत जाऊच शकत नाहीत. वाडीत अंगणवाडी मागितली तर म्हणतात लोकसंख्येचा पुरावा आणा.

सेविकाताई:
अहो, हे पहिल्यांदाच लिहायचं ना! अंगणवाडीसाठी 400 ते 800 लोकसंख्या धरतात, मिनीसाठी 150 ते 400. जनगणनेत वाडी नाही म्हणून काम अडवण्याचं कारण नाही. आम्ही कुटुंब सर्वेक्षण करतो, नोंदवहीत घरटी माणसं असतात. तुमच्या सेविकेकडून वाडीची यादी उतरवून घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

वहाळापलीकडचा:
मुंबईकर धरून दोनशेच्या वर जातो आम्ही.

निवृत्त प्रगणक:
मुंबईकर धरायचे नाहीत. जो जिथे राहतो तिथे मोजतात.

कुडाळचो झील:
मगे गणपतीत मोजा, सगळो जिल्हो घराकच असता! 2001 मध्ये 8,68,825 होतो, 2011 मध्ये 8,49,651. दहा वर्सांत माणसा वाढाची सोडून कमी झाली.

चष्मिष्ट:
रत्नागिरीचंही तेच, 16,96,777 वरून 16,15,069. लोक मुंबईला आणि योजना माणसं मोजून.

सिरोंच्याचा भाऊ:
सिंधुदुर्ग 5,207 चौरस किलोमीटर, आमचा गडचिरोली 14,412, लोकसंख्या 10,72,942. सिरोंच्याहून कलेक्टर ऑफिसला जायचं तर दोनशे किलोमीटर. अहेरी जिल्हा करा म्हणून किती वर्षं ओरडतोय, तुम्हाला वहाळ अवघड वाटतो का?

कुडाळचो झील:
भाऊ, वहाळात उतरान बघ एकदा जुलैत.

सिरोंच्याचा भाऊ:
भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुकाच तुटतो. तू ये तिकडं.

चष्मिष्ट:
अहेरीसाठी वेगळा धागा काढा. वाडीकर, नमुना 8 चाही (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा घ्या, वाडीत घरं किती ते त्यावरून दिसेल.

अर्जदार नं. 1:
घरांवरून माणसं कळत नाहीत. तो उतारासुद्धा माहिती अधिकारातच मागा.

वहाळापलीकडचा:
सर्वेक्षणाची वही सेविकेकडे असते की पर्यवेक्षिकेकडे? आणि मुंबईकर काढले तर दीडशेला जेमतेम पोचतो.

सेविकाताई:
सेविकेकडे. उद्या सकाळीच गाठा, दुपारनंतर ती गृहभेटींना निघते. जेमतेम असलात तरी अर्ज द्या. 0 ते 6 वर्षांची मुलं आणि गरोदर बाया यांची यादी वेगळी लावा, जन्मतारखांसकट.