ब्रॉयलरच्या खाद्यात तांदळाची कणी आणि राइस पॉलिश: किती आणि कधीपासून?

प्रश्न: भातगिरणीतून कणी आणि पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) दोन्ही मिळतंय. ब्रॉयलर म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या फिनिशर (शेवटच्या टप्प्यातल्या) खाद्यात मक्याच्या जागी किती घालू? एकदा पॉलिश वाढवलं तर वजन अडकलं आणि लिटर (शेडमधलं भुश्याचं अंथरूण) ओलं झालं.

उत्तर 1: कणीची काळजी नको. ऊर्जा जवळपास मक्याइतकीच, प्रथिनं 8 टक्क्यांच्या आसपास. निम्मा मका बिनधास्त बदला. फक्त कणीत पिवळा रंग नसतो, पाय-कातडी फिकी पडेल. त्याने वाढीत फरक पडत नाही, गिऱ्हाईक मात्र कुरकुर करतं.

पॉलिशचं गणित वेगळं. पहिले दोन आठवडे नकोच. नंतर 5 टक्क्यांपासून सुरू करून 10 वर थांबा. त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट या कोंबडीला नीट न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो, म्हणून तो मोकळा करणारं एन्झाइम, फायटेज, घाला (साधारण 500 युनिट प्रति किलो खाद्य). खाद्यातले एकूण तंतू (फायबर) 5 टक्क्यांच्या वर गेले की पचन बिघडतं.

उत्तर 2: आधी पॉलिश तपासा. चिमूटभर पाण्यात टाका. तरंगलेला चुरा बहुतेक तूस असतो. बोटांत चोळून वास घ्या, खवट आला तर परत पाठवा. दळताना कोंड्यातलं लायपेज हे एन्झाइम तेलावर लगेच काम सुरू करतं, त्यामुळे साठा करू नका. गिरणीतून ताजं आणा, आठवड्यात संपवा.

प्रश्नकर्ता: तेल काढलेला कोंडा चालेल?

उत्तर 1: खवट होत नाही, पण ऊर्जा फार कमी. फिनिशरमध्ये 5 टक्क्यांपुढे गेलात तर वरून तेल घालावं लागेल, मग स्वस्ताई कुठली?