मदत हवी आहे: कादंबरीची ओळख दोन-तीन ओळींत कशी लिहू?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. चार वर्षं खपून पहिली कादंबरी पुरी केलीय. विषय सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली.

आता एक्सवर टाकायला मजकूर हवाय. मर्यादा २८० अक्षरांची, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजतात, म्हणून मराठीत जागा फार लवकर संपते. सध्या एवढं जमलंय:

‘२००५. कृष्णा चढतेय. पेवात तीन भावंडांची हळद आहे, आणि थोरल्याने तिच्यावर गुपचूप कर्ज काढलंय. पाणी शिरायच्या आत धाकटीला ठरवायचंय: हळद वाचवायची की भाऊ?’

मित्र म्हणतो, पेव म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. पण समजावत बसलो तर गोष्टीला जागाच उरत नाही, आणि तो शब्द काढून टाकायला माझं मन धजत नाही. सोबत पेवाच्या तोंडाचा फोटो दिला तर भागेल का?

हे वाचून पुस्तक मागवावंसं वाटतं का? नेमके कुठे अडखळलात? आणि किंमत याच पोस्टमध्ये द्यावी की खाली कमेंटमध्ये? ज्यांनी स्वतःचं पुस्तक असं पोचवलंय त्यांनी जरूर सांगा.