क्लिनिकल ट्रायलचे काम बाहेर देताना ठोक करार करावा की एककदराचा?

धागाकर्ता:
सीआरओला (ट्रायलचे काम कंत्राटावर करून देणाऱ्या संस्थेला) काम देताना प्रत्येक मॉनिटरिंग भेटीचा (साइटवर, म्हणजे ट्रायल चालणाऱ्या रुग्णालयात, जाऊन केलेल्या तपासणीचा) आणि प्रत्येक साइट-महिन्याचा (एक साइट एक महिना सांभाळण्याचा) वेगळा दर ठरवण्याची, म्हणजे एककदराची, पद्धत प्रायोजक कंपन्यांनी (ट्रायल करवून घेणाऱ्या औषध कंपन्यांनी) सोडावी आणि ठोक रकमेचा करार करावा, असे माझे मत आहे. एककदरात काम लांबले की बिलही वाढते, मग वेळेत संपवण्याची निकड कोणाला राहणार? समजा, रुग्णभरती सहा महिने रखडली आणि ४० साइट उघड्या राहिल्या, तर केवळ साइट-व्यवस्थापनाचे २४० साइट-महिने चेंज ऑर्डरमध्ये (कराराबाहेरच्या वाढीव कामाच्या मागणीत) येऊन बसतात. त्यांतल्या काही साइटनी तोवर एकही रुग्ण घेतलेला नसतो.

प्रतिसाद १:
असहमत. जोखीम दुसऱ्याच्या माथी मारली म्हणून ती नाहीशी होत नाही. सीआरओ ती आधीच किमतीत धरते आणि तरीही तोटा दिसू लागला, तर अनुभवी मॉनिटर दुसऱ्या अभ्यासावर हलवून नवख्यांवर काम भागवते. शिवाय ठोक करारालाही गृहीतकांचे परिशिष्ट असतेच. प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) दुरुस्ती झाली की चेंज ऑर्डर तिथेही येते, फक्त त्या वेळी हाताशी दरपत्रक नसल्यामुळे घासाघीस कशाच्या आधारावर करायची हे कळत नाही. आणि एकही रुग्ण न घेणारी साइट बंद करण्याचा निर्णय बहुधा प्रायोजकाच्याच टेबलावर अडकलेला असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरता.

धागाकर्ता:
दरपत्रक ठोक करारालाही जोडता येते. पैसे टप्प्यांवर द्यावेत, म्हणजे काम झाल्याशिवाय रक्कम सुटत नाही.

प्रतिसाद २:
टप्पे कोणते, यावर सगळे अवलंबून आहे. करारावर सही, पहिली साइट सुरू, पहिला रुग्ण दाखल, अशा सुरुवातीच्या सोप्या टप्प्यांवरच बरीचशी रक्कम देऊन टाकली, तर डेटाबेस लॉकच्या वेळी (शेवटी माहिती तपासून गोठवताना), म्हणजे शेकडो क्वेरी (नोंदींबद्दलच्या शंका) उघड्या पडलेल्या असताना, प्रायोजकाच्या हाती दबाव आणण्यासारखे काही उरत नाही. दुसरे असे की संशोधकांचे मानधन आणि नमुन्यांचे कुरिअर असे पास-थ्रू खर्च (सीआरओ तिसऱ्याला देऊन प्रायोजकाकडून जसेच्या तसे वसूल करते ते) सहसा ठोक रकमेच्या बाहेरच असतात, त्यामुळे ‘ठोक’ म्हणून ज्याची खात्री वाटते ते पूर्ण अंदाजपत्रक नसतेच.

प्रतिसाद ३:
मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, कारण ज्या छोट्या कंपनीत दरमहा शेकडो एककांचे बिल प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहायला माणूस नाही, तिने एककदराच्या फंदात पडूच नये.

प्रतिसाद १:
ज्या कंपनीत असा माणूस नाही, तिने ट्रायलच बाहेर देऊ नये, असे मी थोड्या कठोरपणे म्हणेन. आयसीएच ई६ या क्लिनिकल ट्रायलविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१६ च्या सुधारित आवृत्तीतच स्पष्ट म्हटले होते की सीआरओने पुढे उपकंत्राटदाराला दिलेल्या कामावरही प्रायोजकाची देखरेख हवी. अमेरिकी नियमांनुसार तर जी जबाबदारी लेखी हस्तांतरित केलेली नाही, ती प्रायोजकाकडेच राहिली असे मानले जाते. करार ठोक असो वा एककदराचा, सेंट्रल लॅबने (सगळ्या साइटचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेने) नमुने चुकीच्या तापमानात ठेवले तर उत्तर प्रायोजकालाच द्यावे लागते, आणि ती देखरेख करणाऱ्याचा पगार या दोन्ही अंदाजपत्रकांत मला कुठेच दिसत नाही.