जठराचा सुरुवातीचा कॅन्सर: ईएसडी करावी की ऑपरेशन?

कृष्णाकाठ
नमस्कार. वडील ६८ वर्षांचे. जठराच्या खालच्या भागात, ॲन्ट्रममध्ये, १८ मिमीचा किंचित खोलगट डाग सापडला आहे. व्रण नाही. बायॉप्सीत वेल डिफरन्शिएटेड ॲडिनोकार्सिनोमा (पेशी अजून बऱ्याचशा मूळ पेशींसारख्या दिसणारा कॅन्सर) आला, सीटीत गाठी नाहीत. एक डॉक्टर जठराचा भाग काढा म्हणतात, दुसरे ईएसडी, म्हणजे दुर्बिणीतूनच अस्तरासकट कॅन्सर सोलून काढणं, सुचवतात. दुर्बिणीतून काढलं तर मुळं आत राहणार नाहीत ना? चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, ॲस्पिरिन चालू आहे.

जठराग्नी
तुमची शंका रास्त आहे. ज्याला आपण मुळं म्हणतो, ती इथे म्हणजे आसपासच्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड). दुर्बिणीतून जठराचं अस्तर काढता येतं, ग्रंथी नाही. म्हणून ज्या कॅन्सरमध्ये ग्रंथींपर्यंत पसरण्याची शक्यता नगण्य असते, तिथेच ईएसडी करतात. जपानी निकषांनुसार वेल डिफरन्शिएटेड, फक्त म्युकोसातला (सगळ्यात आतल्या अस्तरातला) आणि व्रण नसलेला कॅन्सर कितीही मोठा असला तरी चालतो. व्रण असेल तर ३ सेमीपर्यंत, अनडिफरन्शिएटेड (मूळ पेशींशी साम्य न उरलेला) असेल तर व्रणाशिवाय २ सेमीपर्यंत. वडिलांचा डाग कागदावर तरी यात नीट बसतो.

'कागदावर' म्हणण्याचं कारण असं, की खोली आधी खात्रीने सांगता येत नाही. सीटीत बारीक ग्रंथी दिसत नाहीत, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडही (दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी) खोलीबाबत चुकतो. खरा निर्णय काढलेल्या तुकड्यावर होतो. तेव्हा ईएसडीकडे उपचार आणि अंतिम तपासणी दोन्ही म्हणून पाहा. निकाल वाईट आला तर ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही.

आणखी एक: पुन्हा पुन्हा बायॉप्सी करू देऊ नका. प्रत्येक चिमट्याने खाली व्रणतंतू तयार होतात आणि मग तो भाग नीट उचलला जात नाही.

एंडोरूम
प्रक्रिया कशी होते ते लिहिते. आधी इंडिगो कार्माइनचा निळा फवारा मारून आणि एनबीआय प्रकाशात (बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात असा खास रंगाचा प्रकाश) मोठं करून डागाची कड ठरवतात. कडेपासून सुमारे ५ मिमी बाहेर डागण्या देऊन गोल खूण करतात. मग सबम्युकोसात (अस्तराखालच्या थरात) द्रव टोचतात: सलाइन किंवा हायलुरॉनिक ॲसिड, त्यात निळा रंग आणि थोडं ॲड्रेनलिन. अस्तर फुगून स्नायूच्या थरापासून दूर जातं. नंतर खुणांच्या बाहेरून गोल काप आणि मग खालचा निळा थर आयटी नाइफ किंवा ड्युअल नाइफ या दुर्बिणीतून चालणाऱ्या विजेच्या सुऱ्यांनी हळूहळू सोडवणं. मोठी रक्तवाहिनी दिसली की कापण्याआधीच ती कोॲग्युलेट करतात, म्हणजे उष्णतेने बंद करतात. घाई केली की इथेच रक्तस्राव होतो, निळा थर लाल होतो, पातळी दिसेनाशी होते आणि भोक पडतं.

भोक बहुतेक वेळा जागीच क्लिपांनी बंद होतं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर पोटात शिरलेला वायू लवकर शोषला जातो. तो वापरतात का, जरूर विचारा.

काचपट्टी
पॅथॉलॉजीच्या बाजूने एक गोष्ट कळकळीने सांगते. तुकडा बाहेर आल्यावर लगेच फोमवर किंवा कॉर्कवर, अस्तराची बाजू वर ठेवून, ताणून टाचण्यांनी लावला पाहिजे आणि मगच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवला पाहिजे. नुसता बाटलीत टाकला तर तो सुरळीसारखा वळतो आणि कडा वाचता येत नाहीत. उत्तम काढलेला कॅन्सर अशाने 'अनिश्चित' ठरतो. नंतर २ मिमीचे काप.

रिपोर्टमध्ये पाहा: तुकडा अखंड होता का, आडव्या व खालच्या कडेला पेशी आहेत का, लसीकावाहिनी किंवा शिरेत शिरकाव आहे का, आणि सबम्युकोसात किती मायक्रॉन. डिफरन्शिएटेड, ३ सेमीच्या आत, ५०० मायक्रॉनपेक्षा कमी खोल, कडा स्वच्छ आणि शिरकाव नाही, तर सहसा पुढे ऑपरेशन लागत नाही. शिरकाव असेल किंवा खालची कड बाधित असेल, तर ग्रंथींसह ऑपरेशन सुचवतात. वय जास्त असेल तेव्हा ईक्युरा गुण (ग्रंथी बाधित असण्याचा धोका सांगणारे) मोजायला सांगा: लसीकावाहिनीतल्या शिरकावाला ३, शिरेतला शिरकाव, ३ सेमीवरचा आकार, बाधित खालची कड आणि ५०० मायक्रॉन किंवा जास्त खोली यांना प्रत्येकी १. ० ते १ गुणांच्या गटात ग्रंथी बाधित असण्याचं प्रमाण २.५ टक्के होतं, ५ ते ७ मध्ये २२.७. आकडे समोर ठेवून निर्णय घेणं केव्हाही बरं.

कृष्णाकाठ
खूप आभार. ॲस्पिरिन आठवडाभर बंद करायला सांगितलं आहे. करू?

जठराग्नी
हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. स्टेंटच्या रुग्णात धोका असेल तर एकटी ॲस्पिरिन चालू ठेवून ईएसडी करतात. क्लोपिडोग्रेल असेल तर वेगळं. ती सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण तेही त्यांनाच ठरवू द्या. नंतर उशिरा होणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या दिवसात होतो, क्वचित दोन आठवड्यांपर्यंतही. डांबरासारखी काळी शौच, चक्कर, घाम दिसला की रात्र असली तरी दवाखाना गाठा. आम्ल कमी करणारी गोळी साधारण ८ आठवडे, जखम तोपर्यंत भरते.

एच. पायलोरी (जठरात राहणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जंतू) तपासून घ्या आणि असेल तर उपचार करा. औषध संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासचाचणी, आणि त्याआधी २ आठवडे ती आम्लाची गोळी बंद, नाहीतर जंतू असूनही चाचणी खोटी निगेटिव्ह येते. उरलेल्या जठरात नवा कॅन्सर उगवू शकतो, म्हणून दरवर्षी एंडोस्कोपी.

केंद्र निवडताना जठराच्या किती ईएसडी केल्या आहेत, ते थेट विचारा. जपानमध्ये जठराची तपासणी मोहीम आहे आणि २००६ पासून ईएसडी विम्यात आहे, त्यामुळे तिथे हात बसलेले आहेत. आपल्याकडे इतक्या लवकर सापडणारे रुग्ण मोजके, त्यामुळे थोडा प्रवास करावा लागला तरी करा.