घरात तीन पिढ्या शुगर. मग ट्रॅकवर चकरा मारून उपयोग काय?

गोदाकाठ
परवा धाकट्या भावाचा रिपोर्ट आला. वय ३६, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१. मधुमेह ६.५ पासून धरतात, म्हणजे गडी अजून बांधावर उभा आहे. मी घाबरले, तो नाही. म्हणाला, "ताई, आपल्या घरचा सातबाराच तसा आहे. आजी, पप्पा, दोन्ही काका. आज ना उद्या माझंही नाव चढणारच. मग पहाटे उठून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चकरा कशाला?" एवढं बोलून फरसाणाची वाटी जवळ ओढली.

माझं मत उलट आहे. घरात कोणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितेय. ज्याच्या घरात शुगर आहे त्यानेच सगळ्यांच्या आधी उठायला हवं. ब्रिटनमध्ये ५९ हजारांवर लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून त्यांची हालचाल मोजली आणि पुढची काही वर्षं कोणाला मधुमेह होतो ते पाहिलं. २०२३ मध्ये हे छापून आलं. दिवसाला तासाभराहून जास्त, जरा दम लागेल अशी हालचाल करणाऱ्यांचा धोका पाच मिनिटंही न हलणाऱ्यांपेक्षा ७४ टक्क्यांनी कमी निघाला. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ज्यांची जनुकं वाईट पण अंग हलतं, त्यांचा धोका चांगली जनुकं घेऊन बसून राहिलेल्यांपेक्षा कमी होता.

"खानदानी आहे" म्हणणं म्हणजे आळसाला डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडणं. मी तरी असंच म्हणेन.

निफाडचा बागवान
ताई, राग मानू नका, पण हे गॅलरीत चहा पीत लिहिलेलं दिसतंय. माझे आजोबा ट्रॅक्टर यायच्या आधीचे. छाटणीपासून खुडणीपर्यंत दिवसभर मांडवाखाली मान वर करून उभे. वजन ५४ किलो, पोट म्हणाल तर पाठीला लागलेलं. एकदा छाटणीची कात्री अंगठ्याला लागली. हळद भरली, पट्टी बांधली, महिना झाला तरी भरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, शुगर. वडिलांचंही तेच, पन्नाशीच्या आत. आता या दोघांना काय सांगायचं, अजून थोडं हला?

तपोवन पावणेसहा
वडील हल्ली बागेत चालतात, की बांधापर्यंत बुलेटवर जाऊन मजुरांना हाका मारतात? सहज विचारतो.

निफाडचा बागवान
वडील ७१ चे आहेत. बुलेट नाही, लुना होती. तीही विकली.

पेठ रोड
दोन्हीकडून दोरी ताणताय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रोज सकाळी रक्त काढायला शंभर तरी हात बघतो, म्हणून चार गोष्टी.

आधी ५४ किलोंचं. बारीक म्हणजे सुटलो, हे आपल्या लोकांना लागू नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वरून काटकुळे, आतून लोण्याचा गोळा. लॅबमध्ये असे मी रोज बघतो. वजनकाटा सोडा, शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा.

आता ताईंचे ७४ टक्के. तो अभ्यास नुसता पाहणीचा, आणि त्यातले लोक ब्रिटनमधले गोरे. जो रोज तासभर घाम गाळतो तो बाकीचं खाणंपिणंही सांभाळत असतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर काय होतं? अमेरिकेत २००२ मध्ये आहार आणि व्यायाम मिळून धोका ५८ टक्क्यांनी घटला. तसाच प्रयोग चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर केला. सगळे बॉर्डरवरचे, ताईंच्या भावासारखे. २००६ मध्ये निकाल आला, घट २८.५ टक्के. म्हणजे निम्मी. साध्या आकड्यांत सांगतो. तीन वर्षांत ज्यांनी वेगळं काही केलं नाही त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आणि ज्यांनी चालणं-खाणं सुधारलं त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना. गंमत म्हणजे सुधारलेल्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला.

त्या ३९ मध्ये निफाडकरांचे आजोबा बसतात. ५५ आणि ३९ च्या मधे जी १६ माणसं राहतात, त्यात ताईंचा भाऊ बसू शकतो. कोण कुठे बसणार ते आधी सांगता येत नाही, एवढीच अडचण.

अंबड रात्रपाळी
आकडे झाले असतील तर जरा आमच्याकडे पण बघा. दर आठवड्याला पाळी बदलते. मशीनसमोर आठ तास उभा. हातातलं घड्याळ दिवसाला १२-१३ हजार पावलं दाखवतं, आणि उपाशीपोटीची शुगर ११२, म्हणजे मीही बॉर्डरवरच. आई-वडील दोघांनाही आहे. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये पुरी-भाजी आणि शिरा. पहाटे ट्रॅकवर लोक पळत असतात तेव्हा मी बसच्या खिडकीला डोकं टेकवून झोपलेलो असतो. व्यायाम करा हे सांगायला कंपनीत कॅम्प लागतो, पाळी कायम करा म्हटलं की कोणी ऐकत नाही.

पेठ रोड
तुमचं खरं आहे. पाळी बदलत राहिली की शुगर बिघडते हे अभ्यासांतही दिसलंय. फक्त एक करून बघा. दोनच्या जेवणानंतर लगेच मशीनवर जाऊन उभं राहण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं शेडच्या कडेने भरभर चाला. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या परवानगीशिवायही आत ओढून घेतात. इन्सुलिन नीट काम करत नाही हीच तर आपली घराणेशाही. तिला बगल द्यायची ही मागची गल्ली आहे. नुसतं उभं राहून ती उघडत नाही. आणि शिरा सोडा, बाबा.

अंबड रात्रपाळी
शिराच एक चांगला करतात हो.

आडगावची सून
मला मूळ लेखातला एकच शब्द खटकला. आळस.

दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात शुगर निघाली. इन्सुलिनची सुई स्वतः टोचून घेतली. बाळंतपणानंतर नॉर्मल झाली, पण डॉक्टरांनी बजावलं, पुढे मधुमेह व्हायची शक्यता इतर बायकांच्या कैक पट, दरवर्षी तपासा. माहेरी आईला आहे. आता घरातलं ऐका. शुगर का निघाली? "ही हलायचीच नाही." डिंकाचे लाडू डबा भरून कोणी पाठवले, ते कोणी काढत नाही. बरं, आता मी संध्याकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडने चालायला जाते, तर "पोर टाकून फिरायला जाते." बसले तरी मीच, चालले तरी मीच.

ताई, तुमचं गणित बरोबर असेल. पण तुमचा तो शब्द आमच्या घरात रोज वापरला जातो, आणि दरवेळी ज्याला आजार आहे त्याच्याच अंगावर फेकला जातो. तो मागे घ्या.

तपोवन पावणेसहा
+१. आणि सर्व्हिस रोडवर अंधारात जाऊ नका, कुत्री फार आहेत.

गोदाकाठ
घेतला मागे. भावावरचा राग सगळ्यांवर निघाला.

मत मात्र सोडत नाही, फक्त लहान करते. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला होता. सहा वर्षं आहार-व्यायाम सांभाळलेल्यांचा तीस वर्षांनी हिशेब मांडला, तर मधुमेह सुमारे ४ वर्षं उशिरा आला होता. टळला नाही असे पुष्कळ होते. कोणी म्हणेल, चारच वर्षं? पप्पांना ४४ व्या वर्षी शुगर निघाली. माझ्या लग्नाच्या आधी काही महिने शुगरपायी डोळ्यांचं लेझर झालं. पाकिटांवरची नावं मी वाचून दाखवायचे आणि ते नुसते "बरोबर, बरोबर" म्हणायचे. तेव्हा चार वर्षं कोणी उधार दिली असती तर आम्ही व्याजासकट घेतली असती.

आणि भावाची बातमी. सोमवारी पीपी, म्हणजे जेवणानंतरची शुगर, तपासायला द्यायची आहे. काल रात्री विचारतो, "जेवल्यावर लॅबपर्यंत चालत गेलो तर आकडा कमी येईल का?"

पेठ रोड
येईल. म्हणून तर आम्ही जेवल्यावर दोन तास गप बसा म्हणतो. कॉपी करतोय, पण विषय त्याला कळलाय.

निफाडचा बागवान
मग त्याला म्हणावं, सोमवारी गप बस आणि मंगळवारपासून रोज लांबची लॅब धर.