‘आवंढा’, ‘घास’ आणि ‘ठसका’ : पक्षाघातानंतरच्या गिळण्याच्या व्यायामांची भाषा

प्रश्न : पक्षाघातानंतर गिळणे अवघड होते, त्या डिस्फेजियासाठी ‘निगलनदोष’ हा शब्द चालेल काय? तसेच व्यायामपत्रिकेतील ‘ड्राय स्वॉलो’ मराठीत कसे लिहावे? ‘कोरडे गिळणे’ कानाला खटकते.

उत्तर : ‘निगलन’वर हिंदीची छाप आहे, ‘गिळण्याची अडचण’ एवढे पुरे. डिस्फेजिया हा शब्द टाळण्याला आणखी एक कारण आहे. डिस्फेशिया म्हणजे भाषेचा, बोलण्या-समजण्याचा विकार. पक्षाघातात दोन्ही एकाच रुग्णाला होऊ शकतात आणि देवनागरीत एका अक्षराच्या चुकीने कागदावर रोगच बदलतो.

‘ड्राय स्वॉलो’साठी आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे : आवंढा. तोंडात घास किंवा घोट नसताना नुसती लाळ गिळणे म्हणजे आवंढा गिळणे. दुःख दाबण्याचा अर्थ त्याला चिकटला असला, तरी ‘जोर लावून आवंढा गिळा’ असे म्हटल्यावर वयस्कर रुग्णालाही निराळे समजावून सांगावे लागत नाही. मेंडेल्सन पद्धतीत गळ्यावर बोटे ठेवून, आवंढा गिळताना वर सरकलेला कंठमणी दोन-तीन सेकंद वरच रोखून धरायचा असतो. मासाको व्यायामात जिभेचे टोक दातांमध्ये धरून गिळायचे असते. तिथे ‘आवंढा’ऐवजी ‘घास’ लिहिला गेला तर ती केवळ भाषेची चूक राहत नाही, कारण जीभ अशी अडकवून अन्न गिळणे धोक्याचे आहे.

शेकर व्यायामात मात्र ‘मान उचला’ असे लिहू नये. उताणे झोपून, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून, पायांची बोटे दिसतील इतके फक्त डोके उचलायचे असते.

आणखी एक मत : वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु ‘ठसका’ या शब्दाबाबत सावध राहावे. ‘ठसका लागत नाही ना, मग द्या पाणी,’ असे घरची माणसे सहज म्हणतात. पक्षाघातात घशाची संवेदना मंदावली, तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घुरघुरता येणे ही खूण कधीकधी दिसते, कधी तीही नसते, आणि मग व्हिडिओफ्लुरोस्कोपीसारख्या (गिळतानाचे क्ष-किरण चित्रण करणाऱ्या) तपासणीतच ते कळते. म्हणून पत्रिकेत ‘ठसका लागल्यास थांबा’ एवढेच न लिहिता ‘ठसका लागल्यास किंवा आवाज घुरघुरल्यास थांबा आणि थेरपिस्टला कळवा’ असे लिहावे.