आधार क्रमांकाची पडताळणी: व्हरहूफ पद्धत बरोबर क्रमांकही का नाकारते?

प्रश्न:
एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीसाठी मी पायथनमध्ये आधार क्रमांक तपासणारे फंक्शन लिहीत आहे. बारावा, म्हणजे तपासणी अंक (टंकनातली चूक पकडण्यासाठीचा) आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहूफ पद्धतीने काढलेला असतो, म्हणून तिच्या सारण्या जशाच्या तशा उतरवल्या आणि ताडूनही पाहिल्या. तरीही मूळ कार्डावरून टाकलेले क्रमांक चुकीचे ठरत आहेत. अंक एकेक करून घेणारा लूप पहिल्या अंकापासून सुरू होतो. दोष कुठे असावा? शिवाय, बँकेच्या कार्डांसाठी चालणारी लूनची सोपी पद्धत इथे का घेतली नसावी?

उत्तर १:
दोष लूपच्या दिशेत आहे. व्हरहूफमध्ये मोजणी उजवीकडून होते आणि तपासणी अंकाचे स्थान शून्य धरले जाते. २३६३ हा छोटा, वैध क्रमांक घेऊन पाहा: उजवीकडून गेल्यास दर टप्प्याचे उत्तर ३, १, ४ आणि शेवटी ० येते, तर डावीकडून गेल्यास २, ८, २, ८ येते. शेवटी शून्य आले तरच क्रमांक वैध. स्थानक्रमाला ८ ने भागून उरणारी बाकी ही अंक बदलणाऱ्या सारणीची ओळ असते, हेही तपासा.

उत्तर २:
लूनच्या पद्धतीत एक अंक चुकला तर तो नक्की पकडला जातो, पण शेजारचे ० आणि ९ यांची अदलाबदल निसटते, कारण तिथे एकाआड एक अंकाची दुप्पट घेतात, आणि ९ ची दुप्पट १८, तिच्या अंकांची बेरीज पुन्हा ९, आणि शून्याची दुप्पट शून्यच. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शेजारच्या कोणत्याही दोन भिन्न अंकांची अदलाबदल पकडली जाते. तिच्या मुख्य सारणीत क्रमाला महत्त्व आहे: १ नंतर ५ घेतल्यास ६ मिळतात, ५ नंतर १ घेतल्यास ९. काही जोड्या मात्र तिथेही उलटसुलट सारखेच उत्तर देतात (१ आणि २ घेऊन पाहा), म्हणूनच स्थानानुसार अंक बदलणारी दुसरी सारणी लागते. ही रचना मला फार सुंदर वाटते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दिशा बदलताच क्रमांक वैध ठरू लागले. आता क्रमांक खरा आहे असे मानून खाते उघडता येईल का?

उत्तर १:
नाही. मनाने लिहिलेल्या दर दहा क्रमांकांपैकी सरासरी एक या तपासणीतून पार होतो. ती केवळ टंकनातल्या चुका पकडते. क्रमांक अस्तित्वात आहे की नाही, तो समोरच्या व्यक्तीचाच आहे का, हे अधिकृत प्रमाणीकरणानेच कळते. आधार क्रमांकाची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, हीही अट फंक्शनमध्ये घाला. क्रमांक संख्या म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवा, कारण एक्सेलच्या साध्या रकान्यात बारा अंकी संख्या घातांकाच्या रूपात दिसते आणि तशीच सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) साठवली गेल्यास शेवटचे अंक कायमचे जातात. त्रुटींच्या लॉगमध्ये पूर्ण क्रमांक कधीही छापू नका.